गोष्टीचा मधला भाग

तामसीकडे दिवाळी येते ती कापसाच्या वेचणीबरोबर. पहिला माल आदिलाबादच्या मार्केट यार्डात पोचतो, ओलावा आठ टक्क्यांच्या वर भरला की भाव उतरतो, आणि उचल घेतलेल्याचा वर्षाचा हिशेब तिथंच बिघडतो. मक्त्यानं करणाऱ्याचं तर विचारूच नका. तेलंगणानं 2018 मध्ये सुरू केलेल्या रयतू बंधू या शेतीमदत योजनेचे पैसे पट्टेदाराच्या खात्यात गेले, कसणाऱ्याच्या नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ. माझ्या गोळ्यांनी कर्ज फिटत नाही. पण त्याच कर्जात असलेली कितीतरी माणसं जीव देण्याच्या विचारापर्यंत जाऊन मागे फिरतात. ती कशी फिरली, हे कोणी विचारत नाही. पेपरात गेलेल्याचा फोटो येतो. सावरलेल्याची बातमी होत नाही.

खरं तर तीच व्हायला हवी. 2010 मध्ये थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या बातम्या तपासल्या. मरणाचा विचार येऊनही त्यातून निभावून गेलेल्यांच्या बातम्यांनंतर आत्महत्या घटलेल्या दिसल्या. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधल्या पापागेनोला तीन मुलं ऐनवेळी दुसरी वाट सुचवतात, म्हणून याला पापागेनो परिणाम म्हणतात. गावातल्या गावात बोलण्याचाही उपयोग होतो: शेजारच्या राज्यात, अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पानं तीस गावांत स्थानिक कार्यकर्त्यांकरवी नैराश्यावर बोलणं सुरू केलं. दीड वर्षात मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेलं.

मात्र आपण सावरण्याच्या या गोष्टी फार वाईट सांगतो. आधी काळोख, मग देवाची कृपा, शेवटी टाळ्या. ऐकणाऱ्याला हवा असतो मधला भाग. पहिल्यांदा कोणाला सांगितलं? तो काय म्हणाला? गोळी लागू पडायला किती दिवस गेले? माझ्याकडे येणारा एक कापूसवाला हे नेमकं सांगतो: "मेहुण्याला बोललो. तो काही समजावत बसला नाही, दवाखान्यात घेऊन आला. दोन-तीन आठवडे काही फरक नाही. मग झोप आली, मग भूक. कर्ज तिथंच होतं, पण अडत्याकडे जाऊन मुदत मागायचं बळ आलं." असं कोणी पारावर सांगितलं की त्या महिन्यात त्याच गावातून आणखी कोणी येतं. कुठं आणि कसं करणार होतो, तेवढं गाळायला मी सांगतो. त्या तपशिलानं ऐकणाऱ्याचं नुकसानच होतं.

असं सांगण्याच्या आड येते ती पोलिसांची भीती. प्रयत्न करून वाचलेला दवाखान्यात "चुकून झालं" म्हणतो, आणि उपचार तिथंच थांबतो. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला शिक्षा होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 तर 1 जुलै 2024 पासून गेलंच.

कोणाबद्दल शंका वाटली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. फोन तुम्हीच लावून त्याच्या हातात द्या.