आठवड्याचा बेत

मुलांनो, आपल्या कनेरगाव नाक्याची मोठी माणसं छत्रपती संभाजीनगरला कितीदा जाऊन आलीत, एकदा घरात विचारा बरं. कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी पेशंटला घेऊन घाटी दवाखान्यात. आजोबा तर अजून औरंगाबादच म्हणतील. मग दुसरा प्रश्न विचारा, "कैलास लेणं पाहिलं का?" बऱ्याच घरांत मान आडवी हलेल. काम झालं की मिळेल ती गाडी धरून परत यायचं, ही आपली रीत! म्हणून यंदा एक आठवडा निव्वळ बघायला जाऊ. बेत तुम्ही करायचा, वडलांनी फक्त खर्चाला हो म्हणायचं.

दिवस दिवाळीच्या सुट्टीचे धरा. सोयाबीन निघालेलं असतं, घरात चार पैसे असतात. शेतात हळद उभी असते, पण ती आठवडाभर काकांवर सोपवता येते. शनिवारी आपल्या स्टेशनावरून रेल्वेनं पूर्णा, तिथं गाडी बदलून परभणी, जालना करत पुढं. मुक्काम वाळूजच्या मामाकडं. आपल्या भागातली पुष्कळ पोरं तिथं कारखान्यात आहेत, कुणी ना कुणी मामा निघतोच. मामीवर भार नको, म्हणून दोन दिवसांचे धपाटे आणि ज्वारीचं पीठ सोबत न्या.

आता खरी गोम ऐका. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे ठाऊक नसेल तर एवढ्या लांब जाऊन कुलूप बघून यायची पाळी येते. म्हणून सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा. सोमवार महादेवाचा, त्यामुळं आजीचं घृष्णेश्वराचं दर्शनही होईल. गर्दी असेल, म्हणून सकाळी आधी देऊळ. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, दुपारनंतर ऊन आत येतं, तेव्हा कैलास पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून हे देऊळ काढलंय. आधी कळस, मग पाया! एकूण ३४ लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. दहावं, सोळावं आणि बत्तिसावं नीट पाहिलं, म्हणजे बौद्ध, हिंदू आणि जैन असं तिन्ही पदरात पडलं.

अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर, तेव्हा पहाटेच निघायचं. फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून एसटीच्या बसनं आत जातात. लेण्यांत अंधुक उजेड असतो, डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. फ्लॅश मारायला बंदी आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, तेव्हा त्याला ही लेणी दिसली असं पुस्तकात असतं. पण गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक असणारच, नाही का?

रविवारी शहरातच फिरायचं, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलेलं! ना वीज, ना पंप.

बुधवारी देवगिरी. इथं आजीचा प्रश्न येतो. पायऱ्या फार, वाटेत काळोखी अंधारी, वटवाघळांचा वास. आजीनं खाली चांदमिनारापाशी बसायचं, सोबत एकानं थांबायचं. कुणी, ते आधीच ठरवा, तिथं भांडण नको. टॉर्च विसरू नका. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि काही वर्षांत परत नेली. एवढ्या माणसांची शिदोरी कुणी मोजली असेल? आपण तर पाचच जण.

खर्चाचं म्हणाल, तर या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. वडलांना ही गोष्ट पहिल्यांदा सांगा!

शुक्रवारी परतायचं. गुरुवार मी मोकळा ठेवलाय. आजी थकली तर विसावा, नाहीतर खुलताबाद. १६१० मध्ये खडकी नावानं हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरची कबर तिथं आहे. आठवडाभर ज्याचं गाव फिरलो, त्याला भेटूनच गाडीत बसू.