हरवलेला टेम्पो

टेम्पो म्हटलं की मुलुंडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. तीन चाकं, वर ताडपत्री, ताडपत्रीखाली लोखंडी कपाट, कपाटाला टेकून गादीची वळकटी आणि वळकटीवर बसून तुळशीची कुंडी सांभाळणारं घरातलं धाकटं कार्टं. 1958 साली निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीनं जर्मनांच्या मदतीनं ही गाडी आपल्याकडे आणली. पुढं 2005 साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आपल्या गल्लीत सामान वाहून नेणारं जे जे काही येतं, ते अजून टेम्पोच.

त्यामुळं एका रात्री आमच्या साडूंनी फोनवर, "टेम्पो गेला हो माझा! पंधरा दिवस झाले, सापडत नाही," असा आक्रोश केला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला धीर दिला, "भाऊजी, आधी पोलिसांत कळवा. नंबर लिहून ठेवलाय ना?"

टेम्पो गोल्फमधला होता. काठी वर नेण्याची आणि खाली आणण्याची जी लय, तिला गोल्फवाले टेम्पो म्हणतात.

आमच्या घराण्यात खेळ म्हणजे कॅरम, पत्ते आणि गॅलरीतून पाहिलेलं दुसऱ्याचं क्रिकेट. साडूंना गोल्फचा नाद लागला तो नोकरीत. कंपनीच्या मोठ्या साहेबांना जोडीला कुणीतरी हवं होतं आणि साडूंना प्रमोशन हवं होतं. प्रमोशन मिळालं, साहेब बदलून गेले, साडू निवृत्त झाले; नाद तेवढा राहिला. एरवी टेम्पो महिनाभर हरवला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही निघाले गोल्फवाले. साखरपुड्याचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी आमंत्रण दिलं, "मग एका रविवारी या चेंबूरला. होऊन जाऊ द्या एक राऊंड."

चेंबूरचं हे मैदान बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं, 1927 सालचं. साहेबाचा इलाखा गेला, 1995 साली बॉम्बेची मुंबई झाली. क्लबच्या नावात मात्र बॉम्बेही सुखरूप आहे आणि प्रेसिडेन्सीही.

आता काळ बदललाय. व्याही सज्जन, देणंघेणं काही नाही, लग्नाचा खर्चसुद्धा निम्मा-निम्मा. तरी मुलीचा बाप तो मुलीचा बाप. व्याह्यांच्या देखत चेंडू हुकला, तर ती बातमी सासरी मुलीच्या आधी जाऊन पोचणार, ही साडूंची खरी धास्ती. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं फोनमध्ये टकटक वाजणारं एक यंत्र घालून दिलं होतं. त्याच्या तालावर साडू दिवाणखान्यात छत्री फिरवत. दोन फोटो आणि एक ट्यूबलाइट यांनी त्या साधनेत देह ठेवला.

हे सगळं ऐकून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. साडूंनी शास्त्र समजावलं. जॉन नोवोसेल नावाच्या अमेरिकनानं नामांकित खेळाडूंच्या फटक्यांची चित्रं एकेक करून मोजली आणि 2004 साली पुस्तकच लिहिलं. सेकंदाला तीस चित्रं धरली, तर कुणाची काठी वर जायला एकवीस चित्रं लागतात नि खाली चेंडूपर्यंत यायला सात. कुणाला चोवीस नि आठ. कुणाला सत्तावीस नि नऊ. वेग ज्याचा त्याचा, पण प्रमाण एकच. तीनास एक.

"अगंबाई, हा तर तीनताल! तीन टाळ्या, एक खाली," ही म्हणाली. हिनं लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकलंय आणि ते ती वाया जाऊ देत नाही.

"यात गाण्याचा काय संबंध?" साडू जरा दुखावलेच.

"संबंध कसा नाही? नवा गवई बैठकीत घाबरला की काय होतं? लय चढते. श्वास अर्धाच घेतो, तान पुरी वर जात नाही आणि समेच्या आधीच धाडकन खाली येतो. तुमचा चेंडू म्हणजे सम. काठी वर पोचायच्या आतच तुम्ही समेवर उडी टाकताय."

साडू गप्प झाले. पंधरा दिवसांत त्यांना कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

नेमकं सांगण्यानं मात्र लय सापडत नाही. खरं म्हणजे सांगण्यानंच ती जाते. सिआन बाइलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना त्यांनी स्वतःच्या फटक्याकडे बारीक लक्ष ठेवायला सांगितलं, तर त्यांचा खेळ बिघडला; दुसरीकडचे आवाज ऐकायच्या कामाला लावलं, तर सुधारला. नवशिक्यांचं बरोबर उलट. यासाठी बाइलॉकबाई मुलुंडला आल्या असत्या तरी चाललं असतं. गर्दीच्या वेळी ठाण्याकडून आलेल्या गाडीत सहज चढणाऱ्या माणसाला विचारा, "आधी कुठला पाय टाकता हो?" दुसऱ्या दिवशी तो फलाटावर राहतो.

रविवारी पहाटे साडूंच्या बरोबर मी निघालो, पाण्याची बाटली आणि छत्री धरायला. कुर्ल्याला गाडी बदलून चेंबूर. जाताना साडू एक शब्द बोलले नाहीत. मुंजीतला बटूसुद्धा मातृभोजनाच्या वेळी यापेक्षा मोकळा असतो.

तिथं गेल्यावर कळलं की हा खेळ बहुतांशी चालण्याचा आहे. अठरा होलांना चार तास लागतात. एक फटका जेमतेम सेकंदभराचा. नव्वद फटके धरले तरी प्रत्यक्ष काम झालं दीड मिनिटाचं. उरलेला सगळा वेळ माणूस विचार करतो, आणि तिथंच घात होतो.

साडूंचा कॅडी पन्नाशीचा, काटकुळा, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं एकदा साडूंकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे पाहिलं आणि नातं ओळखलं.

सामना होलांच्या हिशेबानं होता. एकेक होल ज्याचा त्याचा. आणि चमत्कार म्हणजे पहिल्या नऊ होलांत साडू सुंदर खेळले. दोन होलांची आघाडी! मग चहा झाला. चहा घेताना दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे व्याही मनापासून म्हणाले, "काय सुरेख आहे हो तुमचा हात! काठी वर जाताना डावं कोपर कसं सरळ राहतं!" आणि दुसरं म्हणजे ताईंचा फोन आला. काय चाललंय ते ऐकून त्या दबक्या आवाजात ओरडल्या, "अहो, त्यांना हरवू नका! लग्न व्हायचंय अजून!"

झालं. इतकी वर्षं ज्या कोपराकडे साडूंनी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता त्यांना दिसायला लागलं. दहावा होल गेला. अकरावा गेला. सॅम स्नीड हा जुना अमेरिकन खेळाडू सांगत असे म्हणतात, की काठी पाखराचं पिल्लू धरल्यासारखी धरावी. साडूंच्या मुठीत त्या वेळी पिल्लू असतं तर त्याची चटणी झाली असती. काठी वर अर्धीच जात होती आणि खाली सपकन येत होती. बाराव्याला चेंडू झाडात. तेराव्याला वाळूत. तीन फटके वाळूतच. साडू भराभर चालत, चेंडूपाशी धापा टाकत पोचत आणि श्वास बसायच्या आत मारून मोकळे होत. तोंड लपवायचं असलं की माणूस असाच चालतो.

मी त्यांना धीर द्यायला ज्याँ व्हान द वेल्डची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टीला 1999 सालच्या ब्रिटिश ओपनमध्ये हा फ्रेंच गडी शेवटच्या होलाला तीन फटक्यांनी पुढं होता. सहा फटके लागले असते तरी जगज्जेता. पण एक फटका प्रेक्षकांच्या सज्जाला आपटून मागं आला, पुढचा ओढ्यात गेला, आणि हा बूट-मोजे काढून, पावसाळ्यात शीव स्टेशनबाहेर उतरावं तसा विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरला! सात फटके लागले, बरोबरी झाली आणि पुढच्या निकाली होलांत पॉल लॉरी जिंकून गेला.

साडूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी छत्री उघडून उभा राहिलो.

आता साडू दोन होलांनी मागं होते. चौदाव्याला ते तरातरा पुढं निघाले आणि चेंडूपाशी जाऊन उभे राहिले. पण काठ्यांची पिशवी कॅडीच्या खांद्यावर, आणि कॅडी होता मागं. देवाची पालखी चालावी तसा तो येत होता. मध्येच थांबून त्यानं रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"अरे, चल ना बाबा!" साडू ओरडले.

"आलो की साहेब. चेंडू काय पळून चाललाय व्हय?"

हातात काठी नाही म्हटल्यावर साडू करणार काय? उभे राहिले. दोन घारी वर फिरत होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. श्वास खाली बसला. कॅडी आला. त्यानं काठी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली आणि विचारलं, "लगीन कुठल्या हालात हाय, साहेब?"

"मुलुंडला."

"जेवणात काय?"

"जिलबी-मठ्ठा ठेवलाय. ताईचा हट्ट."

"झ्याक. ही सहा नंबर घ्या."

"इथून सात नंबर पुरेल रे."

"सातनं जोर लावाल. सहानं निवांत मारा. पोचतोय."

साडूंनी निवांत मारला. काठी पूर्ण वर गेली, क्षणभर जणू जांभई दिली आणि खाली आली. चेंडू पोचला. कोपराबद्दल तो माणूस एक अक्षर बोलला नव्हता. मैफलीत गवयाची लय चढायला लागली की जाणता तबलजी त्याला उपदेश करत बसत नाही. आपला ठेका घट्ट धरून ठेवतो, की गवई आपोआप जागेवर येतो. हा कॅडी पायांनी ठेका देत होता.

चौदावा बरोबरीत सुटला. पंधरावा साडूंचा. सोळावा बरोबरीत. सतरावा साडूंचा. अठराव्यावर येताना सामना समसमान, आणि आता भराभर चालायला लागले होते व्याही!

अठराव्याला साडूंचे पाच फटके झाले. व्याह्यांचे चार झाले होते आणि चेंडू छिद्रापासून दोन फुटांवर. पोरानं ढकलला तरी जाईल. पण व्याह्यांनी तीनदा पवित्रा घेतला, तीनदा सोडला. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मला छत्रीखालून दिसत होती. चुकले असते तर साडू जिंकत होते. साडूंनी ते पाहिलं. ती मूठ, तो श्वास त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता.

"राहू द्या," साडू म्हणाले, "हा दिला."

गोल्फमध्ये असं देता येतं. 1969 सालच्या रायडर कपमध्ये जॅक निकलसनं टोनी जॅकलिनला शेवटचा लहानसा फटका असाच देऊन टाकला होता आणि त्या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच बरोबरी झाली होती. साडूंना निकलस आठवला की ताईंचा फोन, ते मी विचारलं नाही. व्याह्यांनी मात्र चेंडू उचलला, साडूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाले, "उपकार झाले हो. सकाळपासून पोटात गोळा होता. पोरीच्या वडिलांसमोर हसं व्हायला नको म्हणून रात्रभर झोप नाही!"

लग्नात जिलबी उत्तम झाली होती. गुरुजी मंगलाष्टकं अगदी विलंबित लयीत म्हणत होते. व्हिडिओवाला घड्याळ पाहत होता, निम्मा मांडव जेवणाच्या टेबलांकडे पाहत होता. लेकीच्या मागं साडू उभे होते. डोळे भरलेले, मूठभर अक्षता उजव्या हातात. गुरुजींनी 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं, तोवर चहूकडून अक्षतांचा वर्षाव होऊनही गेला. साडूंचा हात सावकाश वर गेला, क्षणभर थांबला आणि शब्द पुरा झाल्यावर खाली आला.

"तीनास एक," ही माझ्या कानात म्हणाली. तिसऱ्या रांगेत नवा सदरा घालून बसलेल्या कॅडीनं फक्त मान डोलावली.