स्विचमध्ये करंटच नाही!

वर्गात उकडायला लागलं की आपण काय करतो? वहीने वारा घेतो आणि घड्याळाकडे बघतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर गावच्या नॉर्मल स्कूलमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा प्रॉब्लेम उलटा होता, थंडीचा. वर्ग तापलाय की गारठलाय हे बघायला शिपाई ऐन तासाला आत शिरायचा आणि मग तळघरात जाऊन उष्णता कमीजास्त करायचा. सर वैतागले आणि त्यांनी एक विजेचं उपकरण तयार केलं. वर्गातलं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजायची. १८८३ साली त्याचं पेटंट मिळालं आणि १८८५ मध्ये मिलवॉकी शहरात त्यांची कंपनी निघाली. लेक्चरमध्ये व्यत्यय आणल्याचा असाही फायदा होतो बरं का!

आज ऑफिसात, हॉटेलात भिंतीवर दिसणारी रूम कंट्रोल पॅनेल्स म्हणजे त्या उपकरणाची पतवंडं. गेल्या उन्हाळ्यात पुण्याजवळच्या एका साइटवर महिनाभर ट्रेनिंग केलं, तेव्हा ती जवळून बघायला मिळाली. तळहाताएवढा काचेचा चौकोन. दिवे, पडदे, एसी सगळं त्याच्यावरच. पण खरी गंमत भिंतीच्या आत आहे.

आमच्या साइटवर केएनएक्स नावाची पद्धत होती. ही युरोपातली, २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. यात पॅनेलपर्यंत २३० व्होल्टची वायर येतच नाही. येते ती एक बारीक हिरवी केबल. तिच्यात साधारण ३० व्होल्ट डीसी आणि त्याच दोन तारांवरून सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने निरोप. आपण बटण दाबलं की पॅनेल फक्त एक निरोप सोडतं, 'अमुक ग्रुपचे दिवे लावा'. तो निरोप लाइनवरची सगळी उपकरणं ऐकतात, पण ज्याचं काम तोच हलतो. दिव्याचा खरा करंट तोडायचं-जोडायचं काम दूर डीबीमध्ये बसलेला अ‍ॅक्च्युएटर करतो. मेसच्या खिडकीतून भटारखान्यात ऑर्डर ओरडावी, तसंच.

सुट्टीत घरी गेल्यावर हे सगळं मोठ्या उत्साहाने आण्णांना सांगितलं. आमचे आण्णा सांगली जिल्ह्यात तीस वर्षं वायरमन आहेत. जिन्याचं टू-वे वायरिंग करावं तर त्यांनीच, असं गावात म्हणतात.

"स्विचमदी करंटच न्हाई?" आण्णा.

"नाही. आणि जिन्याच्या दिव्याला दुसरीकडून बटण हवं असेल, तर नवी वायर ओढायची नाही. तिथल्या पॅनेलला लॅपटॉपवरून ग्रुप अ‍ॅड्रेस द्यायचा. झालं."

आण्णा जेवता जेवता थांबले. "मग आमी काय करायचं रं?"

याचं उत्तर मला कुठल्याच सरांनी शिकवलं नव्हतं. मी नुसता वरणात भात कालवत राहिलो.

परत साइटवर आलो तर पाचव्या मजल्यावर एक भानगड चालू होती. एका केबिनमधल्या मॅडम भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायच्या. पॅनेल दाखवायचं २७ अंश, म्हणून एसी गार हवा सोडतच राहायचा. आमच्या थर्मामीटरवर मात्र खोलीत २२! सॉफ्टवेअर तपासलं, पॅनेल बदललं, तरी तेच. पॅनेल उन्हात नव्हतं, जवळ झेरॉक्स मशिन नव्हतं, उंचीही बरोबर, जमिनीपासून दीड मीटर. रात्री सहज आण्णांना फोनवर सांगितलं.

"मागचा पाइप कुठनं येतो?" आण्णांनी विचारलं.

"इलेक्ट्रिकल शाफ्टमधून."

"तिथं गरम आसंल. पाइपातनं वारा येत आसंल बघ. आमच्या बोर्डात मुंग्या त्याच वाटंनं येत्यात."

सकाळी पॅनेल काढून पाइपाच्या तोंडाशी हात धरला. कोमट वारा! सेन्सर खोलीचं नाही, शाफ्टचं तापमान मोजत होता. पाइपाचं तोंड सीलंटने बुजवलं आणि दुपारपर्यंत पॅनेलवर खरा आकडा आला. मॅडमचा स्वेटर खुर्चीवर गेला. सीनियर म्हणाले, "कोणी सांगितलं रे हे?" मी म्हणालो, "आमच्या वडिलांनी."

आपल्यापैकी बरेच जण फायनल इयरला 'स्मार्ट रूम'चं प्रोजेक्ट घेतात. एकच सांगणं आहे. कोडबरोबर भिंतही वाचा. एसीचा सेट पॉइंट एक अंशाने वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. पण सेन्सरच चुकीच्या हवेत बसला असेल, तर तो हिशेब कुठला लागायला? आणि भिंतीत हवा कुठून येते, पाणी कुठे मुरतं हे ज्याने हयातभर छिन्नी मारली त्याला जास्त कळतं. अशी माणसं आपल्या लॅबमध्येही आहेत. व्हायवाच्या आदल्या दिवशी सोडून एरवीही त्यांच्याशी बोलायला हरकत नाही.

ट्रेनिंग संपताना हिरव्या केबलचा वीतभर तुकडा आण्णांसाठी मागून घेतला. त्यांनी तो चाकूने सोलला, तारा मोजल्या. लाल, काळी, पिवळी, पांढरी.

"दोनच लागत्यात म्हनलास न्हवं?"

"पिवळी-पांढरी स्पेअर असते, आण्णा."

"ह्ये मातुर शाण्या मानसानं केलंय," आण्णा म्हणाले, आणि तो तुकडा त्यांनी पकडीच्या पिशवीत टाकला.