हराम मग्ज

बकरी ईदला कुर्बानीचा बकरा सोलून झाला की अब्बा पाठीच्या कण्यातली पांढरी दोरी ओढून काढीत आणि बाजूला टाकीत. ‘हराम मग्ज, खायचा नसतो,’ एवढेच सांगत. पुढे बी.एड. होऊन मी पाथर्डीत उर्दू शाळेत शिकवू लागले. मराठीतला मज्जारज्जू तो हाच, असे मुलांना सांगायची. हा धडा माझ्याच घरात परीक्षा घेईल असे कधी वाटले नव्हते.

जानेवारी 2025. पुण्यात जीबीएसची साथ होती. धाकट्या बहिणीला सर्दी-ताप येऊन गेला होता. आठवड्याने फजरला उठताना ती म्हणाली, “बाजी, पाँव में जान नहीं.” कमरेभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखे तिला वाटे. अम्मी म्हणाली, नजर लागली. मीही दम केलेले पाणी पाजले, तेल लावून पाय चोळले. दुसऱ्या दिवशी लघवी अडली, तेव्हा कुठे जीप करून नगर गाठले.

डॉक्टरांनी टाचणी टोचत पायापासून वर तपासले. बेंबीखाली तिला काहीच कळत नव्हते.

“जीबीएस आहे का?”

“मॅडम, जीबीएस मज्जारज्जूबाहेरच्या नसांचा आजार. बधिरपणाची अशी रेघ दिसली, लघवी अडली, की आधी मज्जारज्जू बघायचा.”

म्हणून प्रथम एमआरआय. क्षय, गाठ किंवा सरकलेली चकती मज्जारज्जूला दाबत असेल तर ऑपरेशनला उशीर चालत नाही. दाब नव्हता, आतच सूज होती. मग कमरेतून पाणी काढले. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. आजाराचे नाव ट्रान्सव्हर्स मायलायटिस. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-4 विरुद्धची प्रतिपिंडे शोधली. ती असती तर दुखणे पुन्हा उलटण्याची भीती होती. ती निघाली नाहीत. जंतूंशी लढणारी शरीराची फौज ताप उतरल्यावर आपल्याच मज्जारज्जूवर उलटली असावी, असे डॉक्टर म्हणाले. पुष्कळांच्या बाबतीत नेमके कारण सापडतही नाही.

पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिले. आज ती काठीने चालते, नमाज खुर्चीवर पढते. “एक दिवस आधी आणले असते तर?” मी विचारले होते. डॉक्टर गप्प राहिले.

दुआ मी आजही करते. पण वर्गात आता एक वाक्य जास्त सांगते. पाय अचानक लुळे पडले, बधिर झाले, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना. दुआ जीपमध्ये बसूनही करता येते.