पुंगळीवरची खूण

मंडळी, आपल्या या पानावर होळकरांच्या पागा, गणेशोत्सव, सराफ्यातली जत्रा असं सगळं लिहून झालंय. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस, तेव्हा लिहिलं तर कर्जवसुलीवर लिहीन असं तुम्हाला वाटेल. पण आज विषय आहे पितळेचा, तेही बंदुकीच्या काडतुसाच्या पितळेचा.

मुलगी पेनसिल्व्हेनियात असते. दोन-तीन वर्षांनी एकदा आम्ही उभयता चार महिने तिच्याकडे राहून येतो. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ आहेत, हरणाच्या शिकारीचे शौकीन. तिकडे गोळी झाडल्यावर उरलेली पितळी पुंगळी फेकत नाहीत. साच्यात दाबून तिला पुन्हा मापात आणतात, बुडाशी नवा प्रायमर बसवतात, दारू भरतात, वर नवी गोळी. हे काम घरच्या गॅरेजात, राजरोस. आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही करणं म्हणजे शस्त्र कायद्याखाली गुन्हा, तेव्हा कोणी इकडे प्रयोग करू नये!

मला गोडी लागली ती त्यांच्या बंदुकीमुळे. जुनी ली-एन्फील्ड, थ्री-नॉट-थ्री. कॉलेजात एन.सी.सी.त आम्ही हीच चालवली होती. फायरिंग संपलं की उस्ताद पुंगळ्या मोजून घ्यायचे, आणि एक जरी कमी पडली तरी सगळी तुकडी गवतात उकिडवी. "बाबा, त्यांच्या गॅरेजात तासन्‌तास काय करता?" मुलगी विचारायची. मी पुंगळ्या निवडत बसायचो, आपण तांदूळ निवडतो तसा.

पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. गोळी सुटताना पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला चिकटते, मागे गॅस येऊ देत नाही आणि क्षणात थोडी आकसते, म्हणून बाहेर निघते. या धकाधकीत तिच्या अंगावर जे उमटतं ते वाचायचं. प्रायमर चपटा दिसला की नवशिके लगेच "दारू जास्त झाली" म्हणतात. शेजाऱ्यांचं मत, आणि आता माझंही, की एकट्या प्रायमरवर विश्वास ठेवू नये. काही प्रायमर मुळातच मऊ असतात. मात्र बुडावर छोटा चकचकीत गोल ठसा दिसला, म्हणजे पितळ बोल्टमधल्या भोकात दाबलं गेलं, आणि बोल्ट उघडायलाही जोर लागला, तर दाब नक्कीच जास्त. सही जुळत नाही एवढ्यावरून चेक खोटा ठरत नाही. शाई, तारीख, खात्यातली रक्कम सगळं एकत्र बघायचं, तसंच हे. आणि ताडून बघायला त्याच बंदुकीतून झाडलेली कंपनीची पुंगळी शेजारी ठेवायची.

मानेवर काजळी असेल तर उलट, दाब कमी पडला आणि पुंगळी नीट चिकटली नाही. खांद्यावर खळगा असेल तर साच्यात तेल जास्त झालं, त्याने फारसं बिघडत नाही. मानेला उभी चीर म्हणजे पितळ पुन्हा पुन्हा दाबून कडक झालंय. लष्करी पुंगळीच्या मानेवरची निळसर झाक मात्र दोष नव्हे. ती मान मऊ करायला दिलेल्या आचेची खूण.

चिरेवरून एक गोष्ट सांगतो, आपल्या देशातलीच आहे. इंग्रजांच्या फौजेत काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत, आणि पावसाळ्यात त्यांना न वापरताच भेगा पडत. म्हणून या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. कारण उलगडलं १९२१ साली: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि पितळेत घडवतानाच उरलेला ताण. म्हणून आजही पुंगळ्यांना अमोनियावालं पॉलिश लावत नाहीत. शेजारी सायट्रिक ॲसिडने धुतात. मी म्हटलं, आमच्याकडे बायका हेच चिंचेने करत आल्या आहेत, तर ते खूश!

खरी भानगड मात्र बुडाच्या जरा वर असते, साधारण बोटाच्या अर्ध्या पेरावर. तिथे अंगाभोवती फिकट चकाकणारी रेघ दिसली तर सावध. आत पितळ ताणून पातळ झालेलं असतं आणि पुढच्या बाराला पुंगळी तिथूनच दोन तुकडे होऊ शकते. मग गॅस मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे. ली-एन्फील्डची पोकळी लढाईतल्या चिखलमातीचा विचार करून सैल ठेवलेली. पुंगळी दर वेळी पूर्ण दाबली की खांदा मागे जातो, आणि दर बाराला ती पुन्हा ताणते.

हंगामाला तीन आठवडे असताना निवडताना मला अशी रेघ दिसली. ते म्हणाले, साच्याची कड जिथे थांबते तिथेही रेघ पडते, ती निरुपद्रवी. हे खरंच आहे. पण बाहेरून दोन्ही सारख्याच, निकाल आतून लावायचा. त्यांनीच दाखवलेली युक्ती होती: पेपरक्लिप सरळ करायची, टोकाला जरा वाकवायची आणि आत भिंतीवरून फिरवायची. एकवीस पुंगळ्यांपैकी पाचांत टोक अडकलं. त्यांनी एक करवतीने उभी कापली. आत नखाने लागेल एवढी खाच.

गृहस्थ गप्प झाले. ही काडतुसं त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवासाठी होती, पहिल्या शिकारीची. त्या मापाचं पितळ सहज मिळत नाही, म्हणून उरलेल्या सोळा ठेवाव्यात असं त्यांच्या मनात होतं. मी एवढंच विचारलं, या सगळ्या एकाच वेळी घेतल्या आणि तितक्याच वेळा झाडल्या ना? ते थोडा वेळ बघत राहिले. मग पक्कड घेतली आणि एकवीसच्या एकवीस तोंडं चेपून भंगाराच्या डब्यात टाकली.

नातू त्या वर्षी दुकानातून आणलेल्या नव्या काडतुसांवर गेला. आता ते फक्त मान दाबतात, खांद्याला हात लावत नाहीत, आणि कुठला डबा किती वेळा झाडला याची वही ठेवतात. रकाने मी आखून दिलेत.