डेल्फ्टचं मिरीपाणी

लायडनच्या बूरहावे संग्रहालयातला तो पितळी पत्रा माझ्या अंगठ्याहून फारसा मोठा नव्हता. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये मोहरीहून लहान भिंग, मागे एक सुई. बघायची वस्तू सुईच्या टोकावर लावायची, स्क्रू पिळून भिंगासमोर आणायची आणि पत्रा डोळ्याला भिडवून उजेडाकडे तोंड करायचं. नळी नाही, बैठक नाही. आंतोनी व्हान लेव्हेनहूकनं असे शेकडो सूक्ष्मदर्शक हातानं घडवले; आज उरलेत मोजकेच.

दुपारच्या गाडीनं त्याच्या गावी, डेल्फ्टला उतरले. कालव्याच्या कडेनं चालत गेलं की जुन्या चर्चचा कललेला मनोरा दिसतो. याच भागात तो कापड विकायचा. कापडाचं सूत पारखायला व्यापारी भिंग वापरतच. ह्यानं ते कापडावरून उचललं आणि हाती येईल त्या वस्तूवर धरलं. विद्यापीठ नाही, लॅटिन नाही. १६७३ पासून पन्नास वर्षं लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यानं पत्रं लिहिली ती आपल्या डच भाषेतच.

मला सगळ्यात आवडते ती मिरीची हकिकत. मिरी जिभेला झोंबते, म्हणजे तिला बारीक काटे असणार, असा त्याचा तर्क. म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. तीन आठवडे गेले. २४ एप्रिल १६७६ ला पाहतो तर काटे कुठेच नाहीत, पाणी मात्र जिवांनी वळवळतंय! त्या पाण्यातच जिवाणू माणसाला पहिल्यांदा दिसले. तर्क साफ चुकला होता, पण दिसलं ते त्यानं जसंच्या तसं लिहिलं. माझ्या लेखी त्याचं मोठेपण इथे आहे. लंडनला ते पटेना. मग गावच्या पाद्र्यांच्या साक्षी गेल्या, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्याच रॉबर्ट हूकनं स्वतः मिरी भिजवून तेच दृश्य पाहिलं.

चर्चमध्ये लेकीनं, मारियानं, उभारलेलं त्याचं स्मारक आहे. तिथेच चित्रकार वर्मीरच्या नावाची फरशी. दोघं एकाच गावात, १६३२ सालीच जन्मले. वर्मीर त्रेचाळिसाव्या वर्षी कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लेव्हेनहूककडेच सोपवली गेली. हा स्वतः नव्वदीपर्यंत जगला.

बाहेर कालव्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर साचला होता. हीच पानं त्यानं सत्तरीत मुळांसकट तपासली होती. मी वाकून एक पान बोटावर घेतलं. खाली केसासारखं पांढरं मूळ लोंबत होतं, टोकाला पाण्याचा एक थेंब.