आमची फुंकरीची परीक्षा

आयुष्याचीं छत्तीस वर्षें आम्हीं इतरांच्या परीक्षा घेतल्या. परंतु पासष्टाव्या वर्षीं आपल्यालाच परीक्षेस बसावें लागेल, आणि तेंही फुप्फुसांच्या, असें स्वप्नींही वाटलें नव्हतें. आमचा दमा जुना. चरकसंहितेंत श्वासरोगाचे जे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील तमकश्वास तो हाच, एवढें पांडित्य आम्हांपाशीं होतें. परंतु प्राणायामांतील रेचक यंत्रावर मोजतां येतो, हें मात्र ठाऊक नव्हतें. हचिन्सन नामक इंग्रज वैद्यानें १८४६ सालीं असें यंत्र लोकांपुढें मांडलें. त्यास स्पायरोमीटर म्हणतात.

डॉक्टरांनीं बजावलें होतें: पोटभर जेवून येऊं नका, कपडे सैल घाला, तासभर आधीं दमणूक करूं नका, आणि तात्पुरत्या आरामाचा पंप सहा तास घेऊं नका, मात्र धाप लागलीच तर तो अवश्य घ्या व तसें सांगा. रोजच्या औषधाचें काय करावयाचें, तेंही त्यांनीं लिहून दिलें होतें.

असें असतां आम्हीं काय केलें? निघतांना धाप नसतांही, घरांतल्यांची नजर चुकवून दोनदां पंप ओढला. हेतु एवढाच कीं, गुण चांगले पडावेत! तेथें नाकास चिमटा लावून, ओठांत नळी घट्ट धरून, छाती भरून घेतलेला श्वास एका झपाट्यानें सोडावयाचा आणि सहा सेकंद फुंकतच राहावयाचें. असें तीनदां केलें. गुण उत्तम पडले. मागाहून औषध देऊनही आकडा फारसा हलला नाहीं. अर्थात् आमचें नेहमींचें औषध होतें तेवढेंच राहिलें.

पुढें आषाढांत एका रात्रीं उशी कवटाळून, बसूनच पहांट करावी लागली. पाठ चोळणाऱ्या सौभाग्यवतीस तेव्हां सारें सांगितलें. ती म्हणाली, "अहो, कॉपी करणाऱ्या पोरांना तुम्ही वर्गाबाहेर काढीत होतां ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या खेपेस पंप तिच्या पिशवींत राहिला. डॉक्टरांस आधीं कबुली दिली. खोकत खोकत फुंकलें. गुण कमी पडले. मग त्यांनीं पंप देऊन पंधरा मिनिटांनीं पुन्हां फुंकावयास लावलें, तों आकडा चांगलाच चढला. त्या दोन आकड्यांतील अंतरावरूनच तर दमा ओळखावयाचा. तें अंतर आम्हीं पूर्वीं आपल्याच हातानें पुसून टाकलें होतें! यानंतर औषध बदललें, आणि झोप लागूं लागली.

असो. ह्या परीक्षेंत कोणी नापास होत नाहीं. आजार जसा असेल तसा डॉक्टरांपुढें न्यावा, हीच तिची पूर्वतयारी.